पुन्हा कराटेकडे वळताना : हिंगोलीत योग्य डोजोची पारख

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या मैदानावर भरणारा कराटेचा क्लास, नवाकोरा पांढरा ड्रेस, पिवळा पट्टा मिळाल्यावर काढलेला फोटो आणि मग दहावीचे वर्ष. मराठवाड्यातील अनेकांचा कराटेशी आलेला संबंध एवढ्यावरच संपतो. दहावीनंतर बारावी, पुढे शिक्षणासाठी नांदेड, औरंगाबाद किंवा पुणे, मग नोकरी आणि संसार. ड्रेस ट्रंकेत जातो आणि पट्टा कुठल्या तरी खिळ्याला लटकत राहतो. पंधरा-वीस वर्षांनी मुलीला किंवा मुलाला क्लासला सोडायला गेल्यावर आकड्यांची ती जपानी मोजणी पुन्हा कानी पडते आणि वाटते, आपणही पुन्हा सुरू करावे का?

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न आज अनेकांना पडण्याजोगा आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा शाळेत असलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती आणि तिच्यातील जवळपास ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात पुण्या-मुंबईसारखी निवड करण्याची चैन नाही. गावात एखादाच क्लास असतो, कधी तोही नसतो. त्यामुळे जो आहे तो पारखून घेण्याचे महत्त्व येथे अधिकच वाढते.

डोजो म्हणजे नेमके काय?

कराटे शिकण्याच्या जागेला जपानी भाषेत 'डोजो' म्हणतात. 'दो' म्हणजे मार्ग आणि 'जो' म्हणजे स्थान. हा शब्द मुळात बौद्ध परंपरेतून आलेला आहे. भगवान बुद्धांना जेथे ज्ञानप्राप्ती झाली त्या स्थानाला संस्कृतात 'बोधिमंड' म्हणतात. त्याच शब्दासाठी चिनी आणि जपानी बौद्धांनी ही अक्षरे योजली आणि पुढे ती युद्धकलांच्या शाळेला लागली. शिक्षकाला म्हटले जाणारे 'सेन्सेई' हे संबोधनही साधे आहे. आधी जन्मलेला, म्हणजे या वाटेवर आपल्यापुढे चार पावले असलेला, एवढाच त्याचा शब्दार्थ होतो.

डोजो म्हणून स्वतंत्र वास्तू असलीच पाहिजे, असे नाही. लहान शहरांत शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय, घराची गच्ची किंवा मोकळे मैदान येथेच क्लास भरतात. जागा साधी असणे हा दोष नव्हे. महाराष्ट्रातील तालमीही अशाच साध्या जागेत वाढल्या. लाल मातीचा हौद, कोपऱ्यात मारुतीची तसबीर आणि बाजूला बसलेला वस्ताद, एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या मल्ल घडले. शेजारच्या नांदेडला शीख परंपरेतील गतक्याचे शस्त्रकौशल्य आजही जपले जाते. शरीर कमावणे आणि त्यासोबत मन आवरणे ही कल्पना या मातीला नवी नाही. कराटे तेवढे बाहेरून आले.

गायकीत घराणी, तशी कराटेत

कराटेचा उगम जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर झाला. तेथील अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही कला शाळांमध्ये नेली आणि मुलांना झेपतील असे 'पिनान' नावाचे पाच काता रचले. काता म्हणजे कल्पित प्रतिस्पर्ध्याशी करावयाच्या हालचालींचा ठरलेला क्रम. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तेथून ही कला जपानच्या मुख्य भूमीवर पसरली. पूर्वी 'चिनी हात' असा अर्थ असलेल्या या शब्दाची अक्षरे बदलून पुढे 'रिकामा हात' अशी झाली. ऑक्टोबर १९३६ मध्ये नाहा येथे ओकिनावातील गुरूंची बैठक झाली, तीत या बदलाला मान्यता मिळाली. त्या स्मरणार्थ २५ ऑक्टोबर हा दिवस ओकिनावात कराटे दिन म्हणून पाळला जातो.

गायकीत जशी घराणी असतात तशा कराटेत शैली आहेत. आज चार शैली प्रमुख मानल्या जातात. फुनाकोशींच्या परंपरेतील शोतोकानमध्ये पाय लांब टाकून खोल बैठक घेतली जाते आणि हालचाली सरळ व जोरकस असतात. चोजून मियागी (१८८८-१९५३) यांच्या गोजू-र्यूमध्ये जवळच्या अंतरावरील झुंज, श्वासावरील नियंत्रण आणि 'सांचिन' या कातावर भर असतो. केन्वा माबुनी (१८८९-१९५२) यांच्या शितो-र्यूमध्ये कातांची संख्या मोठी आहे. हिरोनोरी ओत्सुका (१८९२-१९८२) यांच्या वादो-र्यूमध्ये जुजुत्सूचा प्रभाव आणि अंग चुकवण्याचे तंत्र दिसते. याखेरीज मासुतात्सू ओयामा यांनी स्थापन केलेले क्योकुशिन हे पूर्ण आघाताचे कराटे आहे. त्यात हाताने चेहऱ्यावर मारण्यास मनाई असली तरी छाती, पोट आणि मांड्यांवर खरे प्रहार होतात.

भारतात १९७० च्या दशकात या कलेने मूळ धरले. मुंबईत परवेझ मिस्त्री यांच्यासारख्या शिक्षकांनी शिष्य घडवले. 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) या चित्रपटातला ब्रूस ली खरे तर कुंग-फूच्या परंपरेतला. पण त्याला पाहून देशभरातील तरुण कराटेच्या क्लासकडे धावले. १९८३ मध्ये मिथुन चक्रवर्तीचा 'कराटे' नावाचाच हिंदी चित्रपट आला. तालुक्याच्या गावांपर्यंत कराटे पोहोचले ते बरेचसे या पडद्यावरून.

परतणाऱ्यासाठी शैलीची ही माहिती केवळ इतिहास नाही. शाळेत असताना आपण कोणती शैली शिकलो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. ते ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पहिल्या कातांची नावे 'हेआन' अशी आठवत असतील तर तो क्लास बहुधा शोतोकानचा होता. 'पिनान' आठवत असेल तर शितो-र्यू किंवा वादो-र्यूची शक्यता अधिक, आणि 'गेकिसाई' आठवत असेल तर गोजू-र्यूची. गंमत अशी की फुनाकोशींनी पिनानचे नाव हेआन केले तेव्हा पहिल्या दोन कातांचा क्रमही उलटा केला. त्यामुळे शोतोकानमधील 'हेआन शोदान' म्हणजे इतरांचा 'पिनान निदान'. नव्या क्लासमध्ये शिक्षकांनी पहिला काता करायला सांगितला आणि आपण दुसराच केला, तर तो स्मृतीचा दोष असेलच असे नाही.

शैली बदलावी लागली म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. जिल्ह्यात एकच चांगला क्लास असेल आणि तो दुसऱ्या शैलीचा असेल, तर शैलीपेक्षा शिक्षक निवडावा. पायाची ठेवण, कंबरेचा फिरवा, अंतराचे भान या गोष्टी सर्वत्र उपयोगी पडतात. जुन्या सवयी मात्र काही महिने आड येतात, हे धरून चालावे.

जुन्या पट्ट्याचे काय करायचे?

परतणाऱ्याच्या मनातील सर्वांत अवघड प्रश्न शरीराचा नसून पट्ट्याचा असतो. कधीकाळी तपकिरी पट्टा मिळवलेल्या चाळिशीतल्या माणसाला दहा वर्षांच्या पिवळ्या पट्ट्याच्या मुलाशेजारी उभे राहायचे असते, तेही बहुधा त्याच्यापेक्षा लवकर धाप लागत असताना.

येथे पट्ट्यांचा इतिहास थोडा धीर देतो. दर्जा दाखवणारी 'दान' पद्धत कराटेची मूळची नाही. जूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ती रूढ केली आणि फुनाकोशींनी १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिल्यांदा दान दिले. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशा रंगीत पट्ट्यांची रांग तर युरोपात जूदो शिकवताना रुळली. ओकिनावातील जुन्या गुरूंना यातले काहीच ठाऊक नव्हते. रंगांचा क्रमही सर्व संघटनांत सारखा नाही. पहिल्या काळ्या पट्ट्याला 'शोदान' म्हणतात. त्याचा अर्थ प्रारंभीची पायरी असा आहे, शिखर असा नव्हे.

व्यवहारात तीन मार्ग दिसतात. काही शिक्षक जुना पट्टा मान्य करतात आणि काही महिन्यांनी परीक्षा घेतात. काही जण पांढऱ्या पट्ट्याने सुरुवात करायला लावतात आणि प्रगती पाहून मधल्या पायऱ्या लवकर ओलांडू देतात. काही जण मात्र जुने प्रमाणपत्र न पाहता, शुल्क भरताच जुना किंवा त्याहून वरचा पट्टा देऊ करतात. पहिल्या दोन मार्गांत काही वावगे नाही. तिसऱ्या मार्गापासून दूर राहणे बरे. जो पट्टा पैशाने परत मिळतो, तो कंबरेवर असतानाही मनाला टोचत राहतो.

आपण होऊन पांढरा पट्टा बांधून पहिल्या दिवशी मागच्या ओळीत उभे राहणे हा अनेकांना मानवणारा उपाय आहे. त्याने अपेक्षांचे ओझे उतरते, चुकण्याची मोकळीक मिळते आणि शिक्षकालाही आपली खरी स्थिती दिसते. जुने प्रमाणपत्र असल्यास ते न्यावे, पण मागितल्यावर दाखवावे. नियमित सराव करणाऱ्या नवख्याला शोदानपर्यंत पोहोचायला सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षे लागतात. वर्षभरात काळा पट्टा देण्याची हमी देणारी जाहिरात दिसली तर तिचा अर्थ उघड आहे.

संघटनांचे जंगल

'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय', 'वर्ल्ड' असे शब्द फलकावर असले म्हणून क्लास मोठा ठरत नाही. पट्टे देण्याचा अधिकार कायद्याने कोणा एका संस्थेकडे सोपवलेला नाही. संस्था नोंदवून तिला भारदस्त नाव देणे अवघड नसते, आणि नोंदणी क्रमांक असणे म्हणजे कराटेच्या दर्जाची पावती नव्हे.

खेळ म्हणून कराटेचा कारभार जागतिक कराटे महासंघाकडे आहे. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेपासून कराटे आशियाई स्पर्धांत आहे. कोविडमुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेच्या यादीतही नाही. 'मुलाला ऑलिंपिकला नेऊ' असे आश्वासन कोणी देत असेल तर पालकांनी एवढी माहिती जवळ ठेवावी.

देशातील संघटनांची स्थितीही बदलती राहिली आहे. २०२० मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना आणि त्यानंतर जागतिक महासंघ या दोघांनीही कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढून घेतली. त्यानंतर कराटे इंडिया ऑर्गनायझेशन हे नाव पुढे आले. क्लासच्या भिंतीवर लावलेले जुने संलग्नतेचे प्रमाणपत्र आज लागू आहे की नाही, हे म्हणूनच विचारावे लागते.

ज्याला केवळ आरोग्यासाठी आणि आनंदासाठी कराटे करायचे आहे, त्याला या वादांशी फारसे देणेघेणे नाही. पण घरातील मुलेही त्याच क्लासला जाणार असतील तर ते महत्त्वाचे ठरते. राज्यात शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत कराटे खेळले जाते. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यासाठी ठरावीक स्पर्धांतील कामगिरीच ग्राह्य धरली जाते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. खासगी 'नॅशनल' स्पर्धेतील चषक कपाटात शोभतो, तेथे मात्र तो उपयोगी पडेलच असे नाही. कोणत्या स्पर्धा ग्राह्य आहेत, नियमांत नवा बदल कोणता, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

बाजूला बसून एक तास

योग्य डोजो ओळखण्याची सर्वांत चांगली पद्धत जुन्या तालमीनेच शिकवली आहे. हौदाच्या कडेला उभे राहून कोणीही कुस्ती पाहू शकत असे. वस्ताद कसा आहे, हे गावाला त्यातूनच कळे. डोजोची पारखही अशीच करावी. शुल्क भरण्याआधी एक संपूर्ण तास बाजूला बसून क्लास पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी नाकारली गेली तर बहुतेक उत्तर तेथेच मिळाले.

पाहताना नजर सर्वांत चपळ विद्यार्थ्यावर खिळते. ती तेथून हटवून सर्वांत कच्च्या विद्यार्थ्यावर न्यावी. मागच्या ओळीतल्या जाडसर मुलाकडे, पहिल्याच आठवड्यात आलेल्या मुलीकडे, धाप लागलेल्या प्रौढाकडे शिक्षकांचे लक्ष जाते का? चूक झाल्यावर ते ती हालचाल पुन्हा दाखवतात की हसे करतात? शिक्षा म्हणून छडी, थोबाडीत किंवा बेसुमार बैठका दिसल्या तर तिला शिस्त समजू नये. चांगल्या क्लासमध्ये वरच्या पट्ट्याचा विद्यार्थी खालच्या पट्ट्याशी झुंज खेळताना आपला हात आवरतो. ज्या क्लासमध्ये दुबळ्यावर हात साफ करून घेतला जातो, तेथे परतणाऱ्या प्रौढाचाही लवकरच तोच अनुभव होतो.

जमिनीकडेही पाहावे. मराठवाड्यात अनेक सभागृहांत शहाबादी फरशी असते. ती थंड आणि कठीण असते, धूळ बसली की निसरडी होते. तिच्यावर उड्या मारणे गुडघ्यांना सोसत नाही आणि पाडण्याचा सराव तर धोक्याचाच ठरतो. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट असतील तर उत्तम. नसतील तर शिक्षक उड्या आणि पाडापाडी टाळतात का, ते पाहावे. झुंजीच्या वेळी हातमोजे, नडगी-पावलांची गादी आणि दातांचे कवच वापरले जाते का, प्रथमोपचाराची पेटी हाताशी आहे का, डोक्याला मार बसलेल्याला लगेच बाजूला बसवले जाते का, या गोष्टी तासाभरात सहज लक्षात येतात.

मुली आणि लहान मुले

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात कराटेकडे परतणाऱ्यांत तरुण मुलींचाही एक गट आहे. समग्र शिक्षा योजनेखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण या नावाने शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात. तीन महिन्यांत आवाज मोठा होतो, उभे राहण्याची पद्धत बदलते, काही सुटका तंत्रे कळतात. सवय मात्र लागत नाही. शाळेबाहेर हा सराव पुढे चालू ठेवायचा तर स्थानिक डोजोचाच आधार असतो. म्हणून तो विश्वासार्ह असणे ही चैन नसून गरज आहे.

कराटेत शिक्षकाला विद्यार्थ्याचा हात-पाय धरून ठेवण दुरुस्त करावी लागते. म्हणूनच येथे मोकळेपणा अधिक हवा. दुरुस्ती सर्वांसमोर व्हावी, शक्यतो विचारून व्हावी. मुलींच्या वर्गात प्रशिक्षिका किंवा वरिष्ठ विद्यार्थिनी असावी. पालकांना केव्हाही येऊन बसता यावे. एकट्या मुलाला किंवा मुलीला 'खास सरावा'साठी बोलावणे, स्पर्धेच्या प्रवासात सोबत महिला नसणे, पालकांपासून काही लपवायला सांगणे ही धोक्याची चिन्हे आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. गुरूविषयीचा आदर हा प्रश्न न विचारण्याचा करार नसतो.

आठवण पुढे, शरीर मागे

अनेक वर्षांनी परतणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. शिकलेल्या हालचाली मेंदूत टिकून राहतात. पहिल्याच आठवड्यात हाताला 'गेदान बाराई' आठवते, पाय 'माई गेरी'साठी आपोआप उचलला जातो. पण दम, स्नायूंची ताकद आणि स्नायुबंधांची लवचीकता मागे राहिलेली असते. आठवण शरीराच्या पुढे धावते आणि इजा नेमकी त्या फटीत होते. विशीतली उंच लाथ चाळिशीत मारायला गेल्यावर मांडीच्या मागचा स्नायू ताणतो तो याच कारणाने. स्नायू तुलनेने लवकर बळकट होतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना अधिक वेळ लागतो. सहाव्या आठवड्यात 'आता सगळे जमते आहे' असे वाटू लागते तेव्हाच टाच किंवा गुडघा कुरकुरतो.

म्हणून पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस पुरेत. बैठक अर्धीच घ्यावी, लाथ कंबरेच्या वर नेऊ नये आणि झुंज टाळावी. सरावानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी वेदना किंवा सूज मात्र तशी नव्हे. तेथे थांबून डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा जुनी गुडघ्याची दुखापत असलेल्यांनी सुरुवात करण्याआधीच तपासणी करून घ्यावी. व्यायाम करताना छातीत दडपण आले तर वयाचा किंवा पट्ट्याचा मान न राखता लगेच थांबावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सुचवते. कराटेचे दोन तास आणि रोजचे चालणे यांत हे गणित सहज बसते. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पत्र्याच्या शेडखालील संध्याकाळच्या तासापेक्षा पहाटेचा तास बरा. सरावाच्या मध्ये पाणी पिऊ न देणे ही कणखरपणाची कसोटी नव्हे.

गावात क्लास नसेल तर

सेनगाव किंवा औंढ्याच्या परिसरातील गावातून रोज संध्याकाळी हिंगोली गाठणे नोकरदाराला किंवा शेतकऱ्याला शक्य नसते. हळदीच्या काढणीत, शिजवणीत आणि बाजाराच्या दिवसांत तर नाहीच. अशा वेळी आठवड्यातून एकदा, रविवारी, शिक्षकांसमोर सराव आणि उरलेले दिवस घरी, असा तोडगा निघू शकतो. कातांची मोठी सोय हीच आहे. अंगणात किंवा गच्चीवर थोडी मोकळी जागा पुरते, जोडीदार लागत नाही.

वसमतकरांना नांदेड जवळ पडते, उत्तरेकडील गावांना वाशीम. पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावर वसमत, हिंगोली आणि वाशीम ही तिन्ही स्थानके येतात. मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळत असल्याने मुलींसाठी आठवड्याची एक फेरी पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहे. शिक्षक ठरवताना मात्र अशा अनियमित विद्यार्थ्याला ते सामावून घेतील का, हे आधीच स्पष्ट विचारावे. मोबाइलवरील चित्रफिती विसरलेला काता आठवण्यासाठी उपयोगी आहेत. पण टाच उचलली जाते आहे, खांदा वर चढतो आहे, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी दुसऱ्याची नजर लागते.

प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. शिकवली जाणारी शैली कोणती आणि शिक्षक स्वतः कोणाकडे शिकले? ते अजूनही कोणाकडे शिकतात का?

२. संघटनेची संलग्नता कोणाशी आहे आणि ती आज चालू आहे का?

३. मासिक शुल्काखेरीज ड्रेस, सदस्यत्व, पट्ट्याची परीक्षा, शिबिरे आणि स्पर्धा यांचा वर्षभराचा एकूण खर्च किती?

४. पट्ट्याच्या परीक्षेत कोणी अनुत्तीर्ण होतो का? दोन परीक्षांत किमान किती अंतर असते?

५. प्रौढांसाठी वेगळी वेळ आहे, की मुलांच्याच वर्गात उभे राहायचे?

६. झुंजीत सहभाग ऐच्छिक आहे का? संरक्षक साहित्य कोणते?

७. पालकांना आणि नातेवाइकांना केव्हाही येऊन वर्ग पाहता येतो का?

८. शुल्क एकदम वर्षाचे भरावे लागते की एक महिना पाहून ठरवता येते?

या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देणारा शिक्षक भेटला, तर त्याच्या खोलीत चषक कमी आहेत की जास्त, याला फारसे महत्त्व उरत नाही. चिडून दिलेले उत्तरही एक माहितीच असते.

कराटेचा प्रत्येक वर्ग वाकून केलेल्या नमस्काराने सुरू होतो आणि नमस्कारानेच संपतो. शिक्षक विद्यार्थ्यांना वाकून नमस्कार करतो, विद्यार्थी शिक्षकाला आणि शेवटी सर्व जण एकमेकांना. त्या क्षणी शिक्षकांची मान खरोखर वाकते का आणि मागच्या ओळीतल्या पांढऱ्या पट्ट्यालाही तो नमस्कार पोहोचतो का, एवढे पाहिले तरी डोजोविषयी पुष्कळ कळते. ट्रंकेतला जुना ड्रेस बहुधा आता होणार नाही. पट्टा मात्र अजूनही कंबरेला पुरेल. तो बांधायचा की नव्या पांढऱ्या पट्ट्याने सुरुवात करायची, हे ठरवायला घाई नाही. आधी एक संध्याकाळ क्लासच्या बाजूला बसून काढावी.